मागची पायरी

इनास मार्तिसनं खांद्यावरची बॅग इतकी जपून खाली ठेवली, की गनीला वाटलं, गावाहून लोणच्याची बरणी आली. शारजाच्या त्या दगडाच्या यार्डात दुपारचं ऊन नुसतं ओतत होतं. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद ठेवायचा नियम, म्हणून कटर थांबले होते आणि माणसं पत्र्याच्या शेडखाली ओल्या पंचांनी तोंड झाकून आडवी झाली होती. गनी तेवढा खुर्चीत बसून डबा खात होता. तो फोरमन, त्याला जमिनीवर लोळणं शोभलं नसतं, आणि पाठीच्या दुखण्यानं जमलंही नसतं.

बरणी नव्हती. टॉवेलातून इनासनं एक काळा दगड काढला. मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढा, एक टोक गोल, दुसरं ताजं तुटलेलं.

"ओळखा, गनीभाय."

गनीचा घास गालातच राहिला. सांबरखाडीत, त्यांच्या गावात, जन्मलेल्या कुणीही तो दगड ओळखला असता. चर्चच्या आवारातला जो दगडी कुरूस, म्हणजे क्रूस, त्याचा तो हात होता. कुरूस चर्चपेक्षाही जुना, असं म्हातारे सांगत. चर्च एकदा जळलं, परत बांधलं, पण कुरूस जागचा हलला नव्हता.

"जूनच्या पावसात पडला," इनास म्हणाला. "तीन तुकडे झाले. मी सुट्टीवर होतो, माझ्यासमोर उचलले. एअरपोर्टवर विचारलं, ये क्या है भाई? मी बोललो, भगवान है. सोडला."

तो हसला. गनीलाही हसावं लागलं. कुरूस पडल्याची बातमी त्याला इनासनं सांगण्याआधीच कळली होती, पण तसं तो बोलला नाही.

"आता नवा पाहिजे. गावात म्हणतात, सिमेंटचा घालू. फादर म्हणाले, आपल्याच गावचा माणूस तिकडे दगडाचं काम करतो, त्याला विचारा. पैशाचं टेन्शन घेऊ नका, गल्फमधले सगळे थोडे थोडे—"

"पैशाचं नाव काढू नकोस," गनी म्हणाला.

ते इतक्या चटकन तोंडातून निघालं, की इनासचे डोळे भरून आले. दुबई मरीनातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये भाजलेल्या खुणांनी भरलेले आपले दोन्ही हात त्यानं पुढे केले आणि गनीचा हात त्यात धरला. गनीच्या हाताला डाळ लागलेली होती. सोडवूनही घेता येईना.

"आणि पास्कोलमामा बरे आहेत ना?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

इनासनं हात सोडला. "बाबांचं विचारू नका. लोक त्यांनाच दोष देतात."

पास्कोलमामा, म्हणजे इनासचे वडील, गनीच्या लहानपणापासून चर्चची घंटा वाजवत, आवार झाडत आणि पावसाळ्याआधी कुरुसामागचं गटार साफ करत. गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं यंदा गटार साफ केलं नाही, पाणी तुंबलं, पाया गेला. फादर रागावले नाहीत. फक्त चर्चची चावी दुसऱ्याकडे दिली.

"आधी बाबा भांडायचे, मी साफ केलं होतं म्हणून. आता म्हणतात, नसेल केलं. वय झालं, विसरलो असेन." इनासनं टॉवेलची घडी घातली. "जेवतात, झोपतात. घंटेच्या वेळी तेवढे भिंतीकडे तोंड करून बसतात."

गनीनं डब्याचं झाकण लावलं. उरलेली चपाती आत तशीच राहिली.

खरी गोष्ट अशी होती, की गटार साफ केलेलं होतं.

गनीच्या नव्या घराची जागा चर्चच्या आवाराला लागून. मध्ये हद्दीचा जुना दगडी गडगा. घर पुतण्याच्या, म्हणजे अर्शच्या देखरेखीखाली चाललेलं आणि गनी इकडून व्हिडिओ कॉलवर हुकूम सोडणारा. जूनमध्ये कंपाऊंडच्या भिंतीचा पाया खणायचा होता. गनीनं फोनमध्ये पाहिलं, तर मागचा कोपरा गुण्यात नव्हता. काटकोन बघायची लोखंडी पट्टी, ती गुण्या. गनीची हयात त्या पट्टीवर गेलेली. शेखांच्या बंगल्यांचे कोपरे ज्यानं केसभर चुकू दिले नाहीत, त्याच्या स्वतःच्या घराचा कोपरा वाकडा? गडगा कुरुसापाशी जरा गनीच्या जागेत आत वळला होता.

"सरळ घे," गनी म्हणाला होता. "चाचा, पलीकडे चर्चचं आहे," अर्श म्हणाला. "दोन फुटांनी चर्चचं काय जातंय? गुण्यात घे. यल्ला, आटप." ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी खाडीपलीकडे लग्नाला गेलेली. जेसीबीवाला परका, संध्याकाळी निघून गेला. त्याच रात्री पाऊस लागला, पाया पाण्यानं भरला, आणि दोन दिवसांनी गडगा, गटार, पाया आणि कुरूस यांचा एकच चिखल झाला. पाणी ओसरल्यावर कुठली हद्द कुठं होती, हे कुणाला सांगता येईना. अर्शनं घाईघाईनं भिंत उभी केली. भिंत अगदी काटकोनात आली. अर्शनं फोटो पाठवला तेव्हा गनीनं तो मोठा करून कोपरा पाहिला, आणि बरं वाटलं. हेच त्याला आता सगळ्यात जास्त खात होतं. कुरूस पडल्याचं कळल्यानंतरही त्याला कोपरा पाहून बरं वाटलं होतं.

तो दगड यार्डात हरवेल म्हणून गनीनं घरी नेला. अल मनखूलमधल्या जुन्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इन्शा, त्याची शाळकरी मुलगी, तिकडून ओरडली.

"बाबा, युअर स्टोन इज स्वेटिंग! इट्स सो ग्रॉस!"

उन्हानं दगड तापला होता आणि त्यातून तेल सुटलं होतं. पुठ्ठ्यावर बशीएवढा डाग पडला होता. झुबेदानं, गनीच्या बायकोनं, बोट लावलं, वास घेतला आणि तिथंच खाली बसली.

"खोबरेल," ती म्हणाली. "यात माझंही असेल."

सांबरखाडीतली रीतच तशी. घरधनी जहाजावर किंवा आखातात गेला, की बाईनं कुरुसाला तेल घालायचं. ख्रिस्ती बायका पुढून, चर्चकडून येत. मोहल्ल्यातल्या बायका मागून, गडग्याला वळसा घालून, आणि मागच्या पायरीवर वाटी टेकवत. मौलवीसाहेबांना हे माहीत होतं. म्हणून संध्याकाळी ते त्या वाटेनं जात नसत.

"तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात ना, तेव्हा रोज जायची," झुबेदा म्हणाली. "अम्मीनी नेलं. म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांच्या वेळी मीही इथंच बसायची. किती बाया असायच्या! पायरीवर बसलं की चर्चकडून कुणाला दिसायचं नाही. रडायला बरं." तिनं ओढणीच्या टोकानं दगड पुसला. "तुमच्या हातून परत उभा राहतोय. अल्लानं तुम्हाला मान दिला."

मान तर भरपूर मिळत होता. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हार-फुलांच्या चित्रांचा पाऊस पडत होता. फादरनी रविवारच्या मिस्सात गनीचं नाव घेतलं, तो आवाज कुणीतरी रेकॉर्ड करून पाठवला. सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसातून राहिलनं, थोरल्या मुलानं, लिहिलं, "प्राउड ऑफ यू, बाबा." गनीनं ग्रुप म्यूट केला. पण कौतुक करणारी माणसं म्यूट होत नाहीत. ती लिफ्टमध्ये भेटतात, किराण्याच्या दुकानात भेटतात, आणि मशिदीबाहेर चपला घालताना पाठीवर थाप मारतात.

यार्डात काळ्या दगडाची एक शिळा पडून होती. एका कडेला डाग होता म्हणून गिऱ्हाइकानं नाकारलेली. मालकानं ती गनीला नावापुरत्या दिरहमला दिली. दगड भारतातूनच आलेला, आता परत भारतातच जाणार. गनीसारखंच त्याचं, मधल्या मध्ये इथं कापून घ्यायचं, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी काम चाले. इनास सकाळीच बस बदलत यायचा. त्याला दगडातलं काही कळत नव्हतं, पण पाणी धरणं, फळी सरकवणं, पाचर ठोकणं एवढं तो मन लावून करी. कटरचं पातं दगडात शिरलं की पांढरट चिखल उडे आणि दोघांच्या भुवया पिकल्यासारख्या दिसत. खांब मशीननं काढला. पण हाताची टोकं आणि मधली कमळासारखी खूण गनीनं छिन्नीनं घेतली. कितीक वर्षांत त्यानं छिन्नी धरली नव्हती. तळहाताला फोड आले, फुटले, त्यात दगडाची भुकटी बसली. त्या आगीनं त्याला जरा हलकं वाटे. मग इनास आपल्या पाण्याच्या बाटलीतून त्याच्या हातावर पाणी घाली आणि रुमाल बांधी, आणि सगळं हलकेपण जाई.

"बाबांना फोटो दाखवला," इनास एकदा रुमालाची गाठ मारताना म्हणाला. "बोलले, गन्या चांगला पोरगा. लहानपणी घंटेच्या दोरीला लोंबकळायचा. बोलले, माझ्यामुळं त्याला ही मेहनत पडली, त्याला सॉरी सांग."

"सॉरी?" गनी म्हणाला.

"हां. मी म्हटलं, सांगतो. सांगितलं."

गनीनं हात ओढून घेतला आणि ग्राइंडर चालू केला. काम नसलेल्या जागी तो बराच वेळ उगाच घासत राहिला.

त्या दिवशी सांगता आलं असतं. पुढच्या सुट्टीलाही आलं असतं. तोंड उघडलं की इनास काहीतरी चांगलंच बोले, आणि चांगलं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर असलं काही फेकणं गनीला जमेना. एकदा बायकोनं करून दिलेलं फिश फ्राय इनासनं डब्यातून काढलं, मोठा तुकडा गनीच्या पानात टाकला. गनीनं तो खाल्ला. चव चांगली होती, याचीही त्याला लाज वाटली.

खांब झाला, हात झाले, राहिला चौथरा. जुन्या चौथऱ्याला चारही बाजूंनी पायऱ्या होत्या. गनीनं चारही कापून ठेवल्या. आणि मग इनास फोन घेऊन आला.

"गनीभाय, फादरचा मेसेज आहे. मागे जागा नाही म्हणतात. भिंतीला टेकतंय. मागची पायरी करू नका, तिकडून सपाट ठेवा."

"जागा नाही?"

"पावसानं जमीन गेली ना. आता जेवढी आहे त्यात बसवायचं." इनासनं खांदे उडवले. "तीन बाजूंना पण छान दिसेल, नाय?"

फोरमनला काम थांबवायला कारण लागतं, आणि गनीकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. मागची पायरी आणि चौथऱ्याचा मागचा दगड एकाच अखंड तुकड्यातले होते. त्यानं रेघ मारली. दगड मशीनखाली सरकवला, पाणी सोडलं, बटण दाबलं. पातं आत गेलं. इनास पाईप धरून उभा होता. पायरी सुटून फळीवर आडवी पडली तेव्हा तो म्हणाला, "खलास. परफेक्ट कापली, गनीभाय." कापली खरीच परफेक्ट होती.

संध्याकाळी घरी झुबेदानं भात वाढला आणि विचारलं, "झाला का चौथरा?"

"झाला. मागची पायरी नाही घेतली. फादरच म्हणाले, जागा नाही."

"जागा कशी नाही?" तिचा हात परातीतच थांबला. "तिथं तर गडगा मुद्दाम आत वळवलेला होता. बायांना बसता यावं म्हणून. तुमच्या आजोबांनीच वळवला, अम्मी सांगायच्या. आपल्या जागेतून वाट दिली."

गनीनं भात कालवला. कालवतच राहिला.

आजोबांचं त्याला माहीत नव्हतं. बायकांच्या बाजूच्या गोष्टी. पुरुषांना कोण सांगणार? ज्या वळणाला तो वाकडेपणा समजला, ते त्याच्याच घरानं दिलेलं होतं.

"मग आम्ही बसायचं कुठं?" झुबेदानं विचारलं. ती सहज विचारत होती. गावी परत गेल्यावरचं बोलत होती.

आणि गनीनं तिला सांगितलं. गुण्या, व्हिडिओ कॉल, जेसीबी, सगळं. सांगताना तो ताटाकडे बघत होता. इन्शा मोबाईल बघत जेवत होती. तिनं एकदा दोघांकडे पाहिलं, ताट उचललं आणि आत गेली.

"म्हणजे पास्कोलमामाची चावी तुम्ही काढून घेतलीत," झुबेदा शेवटी म्हणाली.

"मी मुद्दाम—"

"आणि मी सगळ्यांना व्हॉइस मेसेज पाठवले. आमचे हे बघा, फुकट करून देतायत." तिनं ओढणी तोंडाला लावली. "त्या भिंतीच्या आत मी कुठल्या तोंडानं राहायला जाऊ?"

गनी उठला, हात धुतला आणि अर्शला फोन लावला.

"मागची भिंत पाड," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या. गडगा होता तसा आत वळवून घे."

"चाचा, रंग पण लागलाय! लोक विचारतील."

"सांग, पाया कच्चा निघाला. काँट्रॅक्टर चोर होता. काहीही सांग."

"ओके, चाचा. काँट्रॅक्टरवर घालतो."

फोन ठेवून गनी वळला. बरं वाटायला सुरुवातच झाली होती. जागा परत जाईल, पायरी परत येईल, कुणाला काही कळायचं नाही. झुबेदा ताटं उचलत होती.

"भिंतीचं झालं," ती म्हणाली. "मामांचं काय?"

पुढच्या सुट्टीला इनास आला तेव्हा गनी त्याच्या आधीच यार्डात होता. डाग नसलेला भाग संपला होता, म्हणून त्यानं डागाच्या कडेचा तुकडा घेऊन चौथऱ्याचा मागचा दगड नव्यानं कापला होता, पायरीसकट. पायरीच्या कोपऱ्यात पिवळट डाग राहिला होता. पायरीवरून त्यानं छिन्नी फिरवून ती खरखरीत केली होती. गुळगुळीत दगडावर तेलाची वाटी घसरली असती.

इनासनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय केलंत? फादर बोलले होते, मागे भिंत आहे."

"भिंत पाडली."

"कुणी?"

"अर्शनं. मी सांगितलं. भिंत माझी होती, इनास, आणि जागा तुमची होती. पाया मी खणायला लावला, कुरुसाच्या बुडाशी. लग्नाला गेला होतात त्या दिवशी. पावसानं नाही पडला तो." गनीनं छिन्नी खाली ठेवली. "मामांनी गटार साफ केलं होतं."

इनासनं नव्या कुरुसाकडे पाहिलं, मग गनीच्या हाताकडे पाहिलं, जिथं त्यानंच बांधलेला रुमाल अजून होता. पुढे होऊन त्यानं तो सोडला. गाठ घट्ट बसली होती, दातानं सोडवावी लागली. रुमाल त्यानं खिशात घातला.

"एवढे दिवस," तो म्हणाला. "मी तुमच्या हातावर पाणी घालत होतो."

"हो."

"त्यांनी सॉरी सांगितलं तुम्हाला. मी सांगितलं. तुम्ही ऐकलंत."

"इनास, मला जे बोलायचं ते बोल. मार."

"मला सांगून काय उपयोग?" इनासनं फोन काढला. "त्यांना सांगा."

पडद्यावर आधी कौलं दिसली, मग एक कान, मग पास्कोलमामांचं अर्धं तोंड. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं. गनीनं सांगितलं, तर ते म्हणाले, "काय?" परत सांगितलं. "मोठ्यानं बोल रे, गन्या!"

शेडखालची माणसं उठून बसली. पठाण, बंगाली, मल्याळी. मराठी कुणाला येत नव्हती, पण फोरमन फोनवर ओरडतोय आणि रडतोय, एवढं सगळ्यांना कळत होतं. गनी ओरडत होता, "मी खणला, मामा! माझ्या भिंतीसाठी! कुरूस माझ्यामुळं पडला! मी फादरना सांगतो, सगळ्या गावाला सांगतो!"

पडद्यावरचं अर्धं तोंड आणखी जवळ आलं.

"मागून खणलंस? गटाराच्या बाजूनं?"

"हो, मामा."

"तेव्हा गटार कसं होतं?"

गनीला फोनमधलं ते चित्र आठवलं. कोपरा बघताना त्यानं ते पाहिलं होतं. गडग्याच्या बुडाशी स्वच्छ, कडा तासलेली, झाडल्यासारखी रेघ.

"साफ होतं, मामा. एक पान नव्हतं त्यात."

"होतं ना?"

"होतं."

"इनास," म्हातारा म्हणाला. आवाज चढला होता. "ऐकलंस काय रे? मी साफ केलं होतं. मला आठवत होतं. फावडं पण आठवत होतं."

"ऐकलं, बाबा," इनास म्हणाला.

फोन खाटेवर पडला असावा. परत कौलं दिसायला लागली. म्हाताऱ्याच्या चपला शोधण्याचा आवाज आला, मग तो कुणाला तरी विचारत होता, माझा इस्त्रीचा शर्ट कुठं आहे, मला फादरकडे जायचंय. दार वाजलं. गनीबद्दल तो काहीच बोलला नव्हता, चांगलं नाही की वाईट नाही.

इनासनं फोन बंद केला नाही. रिकाम्या खोलीची कौलं बघत तो तसाच उभा राहिला. मग फोन खिशात घालून त्यानं पायरीचं एक टोक धरलं.

"धरा," तो म्हणाला. गनीभाय म्हणाला नाही. "पेटीत घालू. कंटेनरची वेळ होईल."

गनीनं दुसरं टोक धरलं. दगड उन्हानं तापलेला होता, आणि रुमाल नसलेल्या हाताला तो चांगलाच भाजला.